भिंतीला घातलेलं दूध

जर्मनी,
१२ नोव्हेंबर २०२३

ती. तात्यांस,
सा. नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि जयमालावहिनींनी ओरडून सांगितलेलं अर्धंच पोचतं, म्हणून हे पत्र. वहिनींच्या फोनवर पाठवते, त्या छापून तुमच्या हातात देतील. तुम्ही नेहमीसारखं कागदावर लिहा, त्या फोटो काढून मला पाठवतील.

कंपनीने मला चाकणहून इथे पाठवलं त्याला सात महिने झाले. आज लक्ष्मीपूजन. खोलीत एकटीने बसवेना, म्हणून इथल्या संग्रहालयात गेले. तळमजल्यावर भारतातल्या वस्तूंची एक खोली आहे. तिथे खिडकीशेजारी आपल्या गावाचा राखोबा उभा आहे.

तात्या, मी थट्टा करत नाही. काळा दगड, माझ्या खांद्याएवढा. वर चंद्र-सूर्य, मधे गाईंसाठी लढून मेलेल्या वीराला स्वर्गात नेणाऱ्या बाया, खाली तो ढाल-तलवार घेऊन लढतोय आणि त्याच्या पायाशी पाच गाई. चार पुढे चालल्यात, पाचवी मान वळवून मागे बघतेय. तिचं एक शिंग तुटलेलं आहे. छबूआजी मला मांडीवर घेऊन हेच सांगायची: "पाचवी गाय धन्याला शोधती." पायाच्या खाचांत अजून शेंदूर आहे. पाटीवर लिहिलंय, 'वीरगळ, पश्चिम भारत, १९९६ साली खाजगी संग्रहातून खरेदी'.

मला तर लहानपणापासून सांगितलं गेलं की पंचाण्णव साली जमीन कंपनीला गेली तेव्हा राखोबा मातीखाली गाडला गेला. आजी म्हणूनच दर अमावास्येला कंपनीच्या कंपाउंडाला दूध घालायची. मग हा इथे कसा आला?

आजी राखोबाशेजारी उभी असलेला एक जुना फोटो तुमच्याकडे होता. तो मिळाला तर पाठवा. दगड आपला आहे हे दाखवायला तेवढं पुरे होईल.

तुमची,
मंजुषा

———

मु. कुरणवाडी, चाकण
२० नोव्हेंबर २०२३

चि. मंजुषा हिस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचले. तू खुशाल आहेस हे समजून बरे वाटले. तिकडे थंडी फार असते म्हणतात, कानाला बांधत जा.

दगडाचे म्हणशील तर असे दगड आपल्या मुलखात गावोगाव आहेत. मावळात जा, खेडला जा, प्रत्येक देवळाच्या मागे चार-दोन पडलेले असतात. सगळ्यांवर गाई असतात. तुला गावाची आठवण आली, सणाचा दिवस होता, म्हणून तसे वाटले असेल. शिंग तर कुठल्याही दगडाचे तुटते.

फोटो शोधला, सापडला नाही. घर दोनदा रंगवले, त्यात गेला असेल.

परक्या मुलखात सरकारी लोकांशी वाद घालू नको. तुझी नोकरी आहे, त्यात लक्ष घाल. तळेगाव रस्त्यावर गर्दी तशीच आहे, आमच्या पोराला, जयमालेच्या नवऱ्याला, पहिली शिफ्ट गाठायला पाचलाच निघावे लागते. बाकी ठीक.

तुझा,
तात्या

———

जर्मनी,
१० डिसेंबर २०२३

ती. तात्यांस,
सा. नमस्कार.

तुम्ही गप्प राहायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. रागवू नका.

संग्रहालयाच्या प्रमुख बाईंना भेटले. त्या सज्जन आहेत. म्हणाल्या, असे दगड कुठून आले याची चौकशी आम्ही स्वतःहूनच करतोय. त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि त्यातला एक कागद माझ्यापुढे ठेवला. मराठीत, कुरणवाडी ग्रामपंचायतीच्या शिक्क्याचा. 'गट नंबर ११२ मधील जुना दगड गावास निरुपयोगी असून नेण्यास ग्रामपंचायतीची हरकत नाही.' तारीख १४ मे १९९५. आणि खाली सरपंच म्हणून तुमची सही.

तुमची सही मला पाठ आहे, तात्या. शाळेच्या दाखल्यावर, बाबांच्या जमिनीच्या कागदांवर कितीदा पाहिली आहे. ही अगदी तशीच केलीय. कुणी केली असेल ते तुम्हालाच ठाऊक, पण ज्याने दगड चोरला त्यानेच तुमचं नाव वापरलं, हे उघड आहे.

बाई म्हणाल्या, सही बनावट असेल तर काम सोपं आहे, मूळ खरेदीच रद्द धरता येईल. सही खरी असेल तर मात्र त्यांचे वकील म्हणणार, गावाने राजीखुशीने दिला. म्हणून तुमच्याकडून एवढंच हवंय: 'ही सही माझी नाही' असं लिहून, वकिलासमोर सही करून पाठवा. दोन ओळींचं काम आहे.

आज बाबा असायला हवे होते. जमिनीच्या वाटणीवरून ते तुमच्याशी शेवटची कितीतरी वर्षं बोलले नाहीत, हे मला नेहमी लागत आलंय. राखोबा परत आला असता तर त्या निमित्ताने तरी ते पिंपळे सौदागरहून गावात आले असते.

वाट बघते.
मंजुषा

———

मु. कुरणवाडी
२२ डिसेंबर २०२३

चि. मंजुषा हिस आशीर्वाद.

हे पत्र मी जयमालेला दाखवलेले नाही. चाकणच्या पोस्टात स्वतः जाऊन टाकतो आहे. खिडकीवरची मुलगी म्हणाली, तीन आठवडे तरी लागतील. लागू देत.

सही माझी आहे.

तू दोन ओळी मागितल्यास. चार दिवस मी त्या लिहायला बसत होतो. वकिलाकडेही जाऊन आलो, त्याने मसुदा टाइप करून ठेवला होता. पेन उघडले आणि बंद केले. शेवटी हे लिहितो आहे.

तेव्हा मी सरपंच होतो. सगळ्या जमिनीचा ताबा देऊन झाला होता, फक्त गट ११२ अडला होता, कारण राखोबा तिथे उभा. गावाचे म्हणणे, बाबाला हलवायचे नाही. मोजणीवाले तीनदा येऊन परत गेले. ताबा मिळाल्याशिवाय कंपनीचे काम सुरू होणार नव्हते, आणि काम सुरू झाल्याशिवाय आपल्या पोरांना नोकऱ्या लागणार नव्हत्या. पोरे रोज माझ्या ओट्यावर येऊन बसायची. मला ते प्रकरण कसेही करून संपवायचे होते.

अशात पुण्याहून एक गृहस्थ आला. अंगात खादीचा सदरा, हातात वही. म्हणाला, आम्ही जुन्या मूर्ती सांभाळतो, तुमचा दगड पुण्याच्या संग्रहालयात नीट राहील, येथे राहिला तर बुलडोझरखाली जाईल. मला ते पटले. की मला ते पटवून घ्यायचे होते, हे आज सांगता येत नाही. त्याने कागद पुढे केला. 'निरुपयोगी' हा शब्द मी वाचला होता मंजुषा. वाचून सही केली.

१४ मेला सगळे गाव म्हाळुंग्याला लग्नाला गेले होते. मी तब्येतीचे निमित्त काढून मागे राहिलो. सकाळी आठला टेम्पो आला. पहारीने पाया सुटा केला. दगड चढवताना माणसे कमी पडली, तेव्हा एका बाजूने मी हात लावला. संध्याकाळी लोक परतले तेव्हा तिथे डोझर फिरून सपाट झाले होते. मी सांगितले, मी नको नको म्हणत होतो, त्यांनी ऐकले नाही, बाबा मातीखाली गेला.

वर्षाने पुण्यात जाऊन चौकशी केली. त्या गृहस्थाने दिलेल्या पत्त्यावर सायकलचे दुकान होते. तेव्हा तरी गावाला सांगायला हवे होते. सांगितले नाही. फसलो असे म्हणालो तर ते अर्धे खरे होईल. उरलेले अर्धे मी तुला आता सांगितले.

आई दर अमावास्येला त्या भिंतीला दूध घालायची. चौदा वर्षे. शेवटी तिला दिसत नव्हते, तेव्हा मीच तिचा दंड धरून न्यायचो. ती भिंतीला हात लावून म्हणायची, "बाबा, तुझ्या डोक्यावर यंत्रं घातली रं, आमाला माफ कर." आणि मी शेजारी उभा. तिच्या मागे जाईबाई आणि बाकीच्या बायका अजून जातात.

तुझा बाप माझ्याशी जमिनीवरून बोलत नव्हता, हे खोटे आहे. वाटणीत त्याने माझ्याकडून एक गुंठाही जास्त मागितला नाही. रंगराव लग्नाहून लवकर परतत होता, फाट्यावर त्याला टेम्पो आडवा गेला. ताडपत्रीखालून शेंदूर दिसला. त्याने मला विचारले, मी कबूल केले. म्हणाला, "दादा, आईला सांग. तू सांगेपर्यंत मी या घरात पाणी पिणार नाही." आई गेली तेव्हा तिला खांदा द्यायला आला आणि पाणी न पिता गेला. त्याने हे कुणाला सांगितले नाही. तुलाही नाही, हे तुझ्या पत्रावरून समजले.

फोटो माझ्या ट्रंकेत आहे. सोबत पाठवतो.

तात्या

———

जर्मनी,
८ जानेवारी २०२४

ती. तात्यांस,
सा. नमस्कार.

महिना होत आला, तुमचं काही उत्तर नाही. वहिनी म्हणतात तुम्ही जेवत नाही, ओट्यावर बसून असता. तब्येत बरी नसेल तर तसं कळवा. माझ्यावर रागावला असाल तर तेही कळवा.

इथे मला थांबता आलं नाही. समितीची बैठक होती. मी लिहून दिलं की सही बनावट आहे आणि सरपंचांचं प्रतिज्ञापत्र लवकरच येईल. त्यांनी ते नोंदवून घेतलंय. आता फक्त तुमचा कागद हवाय.

आपल्या वकिलातीतल्या एका अधिकाऱ्यांशीही बोलले. ते म्हणाले, गावाचे कागद भक्कम असतील तर पुढचं ते बघतील. तात्या, दोनच ओळी.

मंजुषा

———

जर्मनी,
२१ जानेवारी २०२४

ती. तात्यांस,

पोस्टाने आलेलं पत्र परवा मिळालं. फोटोही मिळाला.

हे वहिनींच्या फोनवर येतंय, म्हणून तुमचं काही इथे लिहीत नाही. पोस्टाने पाठवलं असतं तर तुम्हाला तीन आठवडे वाट बघावी लागली असती, तेवढी शिक्षा मला द्यायची नाही. पण 'काही हरकत नाही' असंही मला लिहिता येत नाही.

पहिल्या दिवशी मला वाटलं, कागद फाडावा आणि ठरलं तेच पुढे रेटावं. कुणाला कळणार होतं? मग बाबा आठवले. सणावाराला आई म्हणायची, चला गावी, आणि ते बाल्कनीत जाऊन उभे राहायचे. मी त्यांना एकदा म्हणाले होते, दोन गुंठ्यांसाठी सख्ख्या भावाशी कसलं वैर धरता? ते मला आता परत घेता येत नाही.

पुढच्या बैठकीत मी समितीला सांगते की माझं लिहून दिलेलं चुकीचं होतं. तुम्ही जे लिहिलंत ते भाषांतर करून त्यांना द्यायला तुमची परवानगी हवी. पण त्याआधी एक करा. इथल्या बाईंना आधी कळावं आणि जाईआजीला नंतर, हे मला नको. शुक्रवारी सव्वीस जानेवारीची ग्रामसभा आहे.

मंजुषा

———

मु. कुरणवाडी
२८ जानेवारी २०२४

चि. मंजुषा हिस आशीर्वाद.

हे पत्र जयमालेच्या हातानेच पाठवतो आहे. तिला आता सगळे ठाऊक आहे.

झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. रस्ता, पाणी, कचऱ्याची गाडी हे विषय झाले. मी हात वर केला. सध्याचा सरपंच सुजित म्हणाला, तात्या, बसून बोला. मी उभ्यानेच बोललो. तुला लिहिले तसेच सांगितले, तारखेसकट.

मला वाटले होते शिव्या पडतील. ज्यांना त्या वर्षी कंपनीत नोकऱ्या लागल्या ती पोरे आता पन्नाशीची आहेत, ती खाली बघत बसली. मग बायकांतून जाईबाई उठली. त्र्याऐंशी वर्षांची आहे, काठी टेकत माझ्यापुढे आली.

"साहेबराव," ती म्हणाली, "मंग आमी इतकी वरसं दूध कुनाला घातलं?"



ती तशीच घरी गेली. तिच्या मागे बायका उठल्या, मग पुरुष. सभेने ठराव केला, राखोबा परत मागायचा. त्यावर सगळ्यांनी सह्या केल्या. माझ्यापुढे कागद आला नाही.

माझे पत्र कुणालाही दाखव. फक्त एक शब्द बदलू नको. मी 'वाचून सही केली' असे लिहिले आहे, तिथे 'फसवून घेतली' असे करू नको. तुला तो मोह होईल.

तात्या

———

जर्मनी,
१५ सप्टेंबर २०२४

ती. तात्यांस,
सा. नमस्कार.

निर्णय झाला. दगड परत येतोय.

सगळं क्रमाने सांगते. मी फेब्रुवारीत समितीपुढे उभी राहिले आणि आधीचं विधान मागे घेतलं. संग्रहालयाचे वकील हसले, म्हणाले, मग आता मागणीच उरली नाही. बाईंनी तुमच्या पत्राचं भाषांतर वाचून दाखवलं. मी एक शब्द बदलला नव्हता. मोह झाला होता, तुम्ही बरोबर ओळखलंत.

वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सही बनावट आहे असं सांगणारे बरेच येतात. मी दिला, असं आजवर कुणी लिहिलेलं नाही. हे लिहून या माणसाला मिळालं काय?" मग त्यांनी तुमच्या तारखा त्यांच्या खरेदीच्या कागदांशी ताडून पाहिल्या. दगड पंचाण्णवच्या मे महिन्यातच मुंबई बंदरातून 'बागेसाठी नवीन कोरीव काम' म्हणून निघाला होता. आजीचा फोटो त्याहून पंचवीस वर्षं जुना. त्यात पाचव्या गाईचं शिंग तुटलेलंच आहे. म्हणजे नवीन काम हे सरळ खोटं होतं.

वकिलातीच्या अधिकाऱ्यांनी शेवटचा मुद्दा मांडला. शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू सरकारी परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. सरपंचाची सही खरी असो की खोटी, ती परवानगी द्यायचा अधिकारच त्याला नव्हता. तात्या, तुम्ही जे देऊन टाकलं असं एकोणतीस वर्षं समजत होता, ते तुमच्या हातात द्यायला नव्हतंच. याने तुमचा भार कमी होईल असं मी म्हणत नाही. पण हे तुम्हाला माहीत असावं.

एक वाईटही आहे. दगड थेट गावात येणार नाही. आधी दिल्ली, मग पुण्याच्या सरकारी भांडारात. गावात छप्पर, कुलूप आणि देखरेखीची सोय दाखवली तर पुढे विचार करू म्हणतात. सुजितदादांना मी सगळे नियम पाठवलेत.

वहिनी म्हणतात, गावातलं कुणी तुमच्या ओट्यावर बसत नाही. मी डिसेंबरात येतेय. मी बसेन.

तुमची,
मंजुषा

———

मु. कुरणवाडी
१६ मार्च २०२५

चि. मंजुषा हिस अनेक आशीर्वाद.

तू जानेवारीत परत गेलीस आणि राखोबा फेब्रुवारीत आला. तुझी चुकामूक झाली म्हणून सगळे हळहळले. काल त्याला पाहायला गाव पुण्याला गेले, ते तुला कळवतो.

सुजितने एक बस ठरवली होती. मी जाणार नव्हतो. जयमाला म्हणाली, तुम्ही नाही आलात तर मीही जाणार नाही, म्हणून निघालो. मी शेवटच्या सीटवर बसलो. शेजारची जागा मोकळीच राहिली. मोशीच्या चौकात तासभर अडकलो, उन्हाने बाया कासावीस झाल्या, पण कुणी मागे फिरू या म्हणाले नाही.

भांडार म्हणजे पत्र्याचे मोठे दालन. लाकडी चौकटीत तो उभा होता. खरे सांगू, मला वाटले होते तो मोठा असेल. माझ्या मनात तो वाढत गेला होता. अधिकारी बाई फार नीट बोलल्या. म्हणाल्या, शेंदूर, दूध, नारळ काही चालणार नाही, हात लावायचा तर हलकेच लावा. बायकांनी दुधाचे तांबे आणले होते, ते निमूटपणे बाहेर ठेवले. जी पोरे कंपनीत लागली होती, त्यांतला एक जण गुडघ्यावर बसून रडायला लागला. त्याचे मी नाव लिहीत नाही.

जाईबाईला खुर्ची दिली, ती बसली नाही. दगडाच्या पायाला तळहात लावून बराच वेळ उभी राहिली. ओठ हलत होते, काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. मी दारातच होतो. आत जाण्याची छाती झाली नाही. चपला काढून तिथूनच हात जोडले.

बाईंनी सांगितले, गावाच्या जागेचा आराखडा आला आहे, पाहणी होईल, निदान दोन वर्षे लागतील. मी पंच्याहत्तरीत आहे, जाईबाई चौऱ्याऐंशीची. आम्ही दोघांनीही तो आकडा ऐकला.

परतायला चार वाजले. मी आधीच मागे जाऊन बसलो होतो. एकेक जण चढत होता. जाईबाई चढली. पुढे तिच्यासाठी दोघींनी जागा धरली होती. ती काठी टेकत, सीटांना धरत, सगळी बस ओलांडून शेवटपर्यंत आली.

"सरक तिकडं," म्हणाली.

मी खिडकीकडे सरकलो. ती शेजारी बसली. ग्रामसभेनंतर चौदा महिन्यांनी ती माझ्याशी बोलली ते एवढेच. नाशिक फाटा गेला, भोसरी गेली, मोशी गेली. चाकण येईपर्यंत ती उठून दुसरीकडे गेली नाही.

तुझा,
तात्या